कोष्टक न मांडता युक्तिवाद कसा तपासायचा

तर्कशास्त्राच्या पेपरात गुण जातात ते बहुधा कोष्टकात (अक्षरांच्या सत्य-असत्य अशा सगळ्या शक्यता मांडणाऱ्या तक्त्यात) नाही, त्याच्या आधीच, वाक्य चिन्हांत उतरवताना.

'हजेरी ७५ टक्के असेल तरच परीक्षेला बसता येतं.' हजेरीला ह, परीक्षेला प. बरेच जण ह → प, म्हणजे 'ह असेल तर प', असं लिहून मोकळे होतात. पण हजेरी भरली आणि फॉर्मच भरला नाही, तर कोण बसू देईल? परीक्षेला बसला असेल तर हजेरी होती, एवढंच वाक्य सांगतं. म्हणून प → ह. नुसतं 'तर' असेल तर त्याआधीचा भाग बाणाच्या मागे. 'तरच' असेल तर तोच भाग बाणाच्या टोकाशी.

आता तपासणी. दर नव्या अक्षराला कोष्टकाच्या ओळी दुप्पट होतात. पाच अक्षरं म्हणजे ३२ ओळी. एवढं मांडत बसू नका, उलटीकडून सुरू करा: सगळी आधारविधानं (ज्यांवरून निष्कर्ष काढलाय ती विधानं) सत्य आणि निष्कर्ष असत्य धरा, विसंगती येते का बघा.

पास होण्याला स म्हणू. आधारविधानं: प → ह, स → प, ह नाही. निष्कर्ष: स नाही.

निष्कर्ष असत्य, म्हणजे स सत्य. स → प सत्य ठेवायचं तर प सत्य. मग प → ह साठी ह सत्य हवा. पण तिसऱ्या विधानाने तो असत्य ठरवलाय. विसंगती आली, म्हणजे आधारविधानं सत्य आणि निष्कर्ष असत्य असं होऊच शकत नाही: युक्तिवाद वैध.

पहिला बाण उलटा काढला असता तर? बाणाचं विधान असत्य होतं ते फक्त मागचं सत्य आणि टोकाचं असत्य असताना. ह असत्य असल्याने ह → प आपोआप सत्य होतं, विसंगती येत नाही आणि उत्तर 'अवैध' येतं. पुढचं सगळं गणित बरोबर करूनही!

खरी गोची पुढे आहे. वरच्या उदाहरणात प्रत्येक अक्षराची किंमत (सत्य की असत्य) सक्तीची होती. निष्कर्ष 'अ आणि ब' असेल, तर तो तीन प्रकारे असत्य होतो. त्यातला एक घेतला, विसंगती आली, की लगेच 'वैध' लिहू नका. उरलेले दोन्ही तपासा. तिन्हींत विसंगती आली तरच वैध. तिन्हींपैकी एका जरी प्रकारात ती आली नाही, तरी तिथेच थांबा: युक्तिवाद अवैध. उत्तरात त्या प्रकारातल्या सगळ्या अक्षरांच्या किमती लिहा, आणि 'निष्कर्ष खोटा आहे' असं मात्र लिहू नका. अवैध युक्तिवादाचा निष्कर्ष खराही असू शकतो.