थंडीत दही लागत नाही? विरजण वाढवू नका, ऊब वाढवा

थंडीत दही पातळ राहिलं की पहिला उपाय म्हणून विरजण दुप्पट केलं जातं. त्यानं दही आंबट होतं आणि त्याला पाणी सुटतं. खरं तर जिवाणू पुरेसे असतात, त्यांना ऊब कमी पडलेली असते.

घरच्या विरजणात जिवाणूंची मिसळ असते. लॅक्टोकॉकस २५ ते ३० अंश सेल्सिअसला चांगले वाढतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांना ४० ते ४५ अंश मानवतात. दुधातल्या लॅक्टोज या साखरेचं ते आम्ल करतात. सामू (pH, आम्लता मोजायचा आकडा, आंबटपणा वाढला की तो उतरतो) ६.६ वरून उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाची जाळी धरते, आणि दही लागतं.

एक लिटर सायीचं दूध उकळी आल्यावर मंद आचेवर ढवळत आणखी १० मिनिटं ठेवा. दुधातले बहुतेक जंतू मरतात, शिवाय निवळीत जाणारी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. घट्ट दह्याचं अर्धं काम इथंच होतं.

आता दूध ४० ते ४३ अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका: ऊब जाणवावी, चटका बसू नये. घाई सगळ्यात जास्त इथं नडते. ६० अंशांच्या दुधात विरजण घातलं तर बरेच जिवाणू मरतात.

विरजण कालच्या गोडसर दह्याचं, एक टेबलस्पून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. थोड्या कोमट दुधात फेटून मग सगळ्यात मिसळा. झाकण लावून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा आइसबॉक्समध्ये गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. कणकेच्या डब्यात ठेवायची जुनी रीतही उत्तम, पीठ ऊब धरून ठेवतं. मातीचं भांडं मात्र थंडीत टाळा. बाहेरून पाणी उडत राहतं आणि दूध गार पडतं.

पाच-सहा तासांनी पातेलं किंचित तिरपं करा. दही एकसंध थरथरलं आणि कडेपासून सुटलं की लगेच फ्रिजमध्ये. मधे हलवलंत तर जाळी तुटते.

तार सुटली तर बहुधा ऊब कमी पडलीय किंवा विरजणात चिकट पदार्थ करणारे जिवाणू वाढलेत, विरजण बदला. बुडबुडे आले, बुरशी किंवा गुलाबी छटा दिसली तर सगळंच टाका, वरचं काढून खाऊ नका. सगळं नीट करूनही दूध जसंच्या तसं राहिलं तर दुधाचा संशय घ्या: दगडी (कासेचा दाह) झालेल्या जनावराला दिलेलं प्रतिजैविक दुधात उतरतं आणि विरजणाला वाढू देत नाही.

तापमानाचा परिणाम मुलांना दाखवायचा असेल तर तीन वाट्या घ्या. दोन वाट्यांत कोमट दूध आणि विरजण. एक उबेत, एक फ्रिजमध्ये. तिसरीत ६५ अंशांच्या दुधात विरजण घालून तेच तापमान अर्धा तास टिकवा, मग निववून उबेत ठेवा. सहा तासांनी फक्त पहिली लागलेली असेल. आता फ्रिजमधली वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करा आणि उबेत हलवा. काही तासांनी तिचंही दही होईल, तिसरीचं बहुधा होणार नाही.