सर्व्हरचे घड्याळ चुकले? आधी फरक मोजा, मग हात लावा

सर्व्हरची वेळ चुकलेली दिसली की बहुतेक जण ती हाताने बदलून मोकळे होतात. दोन दिवसांनी ती पुन्हा चुकते आणि मधल्या काळातल्या बिलांचा क्रम विस्कटलेला असतो. म्हणून पहिले काम एकच. मोबाइल शेजारी ठेवा आणि फरक नेमका किती आहे ते कागदावर लिहा. दुखणे कुठे आहे ते त्या आकड्यावरूनच कळते.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ ठीक आहे, टाइमझोन चुकला आहे. बरोबर बारा तासांचा असेल तर कुणीतरी हाताने वेळ लावताना एएम-पीएमची गल्लत केली आहे. फरक काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असून रोज थोडा वाढत असेल, तर इंटरनेटवरून वेळ जुळवणे बंद पडले आहे. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा स्फटिक दहा लाखांत वीस भाग इतका जरी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट जाते. यात बिघाड काही नाही, स्फटिक असाच चालतो. आणि तारीखच काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे.

सेलचे काम पाच मिनिटांचे आहे. बहुतेक मदरबोर्डवर सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल असतो. इंदुरात जेल रोडवर तो सहज मिळतो. सर्व्हर रीतसर बंद करा, वायर काढा, छापील (+) बाजू वर ठेवून सेल बदला आणि मशीन चालू करताना बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरा. संपलेला सेल तसाच ठेवला तर वीज गेल्यावर यूपीएसही उतरला की तारीख पुन्हा मागे जाते. मग सुरक्षित वेबसाइटींची प्रमाणपत्रे 'अजून वैध नाहीत' अशा चुका येऊ लागतात आणि लोक ब्राउझरला दोष देत बसतात.

आता टाइमझोन. हा विषय लोक हलक्यात घेतात, पण पैशाचे नुकसान इथेच होते. भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. इंदूरच्या सराफ्यातली खाण्याची दुकाने मध्यरात्रीनंतरही चालू असतात. अशा दुकानाचे बिलिंग यूटीसीच्या तारखेने चालले तर रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंतचे प्रत्येक बिल आदल्या तारखेवर चढते. १ एप्रिल लागल्यावर रात्री साडेबाराला केलेले बिल ३१ मार्चचे होते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते.

खालच्या आज्ञा आणि पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. मशीनवर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे. आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत, फक्त टाइमझोनच्या नावातली 'एशिया' आणि 'कोलकाता' यांची पहिली अक्षरे मोठी.

लिनक्सवर आधी नुसते 'टाइमडेटसीटीएल' चालवा. स्थानिक वेळ, यूटीसी, आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ, टाइमझोन आणि वेळ जुळलेली आहे की नाही, हे सगळे एका ठिकाणी दिसते. झोन चुकीचा असेल तर:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

यादीत इंदूर, मुंबई किंवा दिल्ली शोधू नका, संपूर्ण भारतासाठी हे एकच नाव आहे. जुन्या मशीनवर 'कॅलकटा' दिसले तरी झोन तोच. विंडोजमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ निवडा. शेजारची 'श्री जयवर्धनेपुरा' हीही +५:३० दाखवते, पण ती श्रीलंकेची आहे. त्या देशाने १९९६ ते २००६ या काळात आपली वेळ बदलून पाहिली होती, म्हणून ती टाळा.

झोन बदलल्यावर काम संपले असे समजू नका. ठरल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन जुन्याच झोनवर चालत राहतो, त्याला रीस्टार्ट करावे लागते, नाहीतर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला, ऐन दुकान उघडताना सुरू होतो. मायएसक्यूएल हा डेटाबेसही सुरू होताना सिस्टिमचा झोन वाचतो, म्हणून त्यालाही रीस्टार्ट द्या. वेबसाइट चालवणारे पीएचपी तर सिस्टिमकडे पाहतच नाही. त्याच्या पीएचपी.आयएनआय फाइलमध्ये 'डेट.टाइमझोन' वेगळा भरावा लागतो, नाहीतर ते यूटीसीच धरते. डॉकरच्या कंटेनरची, म्हणजे सर्व्हरच्या आत वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामची, तीच कथा. सर्व्हरवर वेळ बरोबर आणि वेबसाइटवर साडेपाच तास मागे, या तक्रारीमागे बहुधा या दोघांपैकी एक असतो.

एकाच शहरातल्या दुकानाचा किंवा पतपेढीचा सर्व्हर सरळ भारतीय वेळेवर ठेवावा. ग्राहक परदेशातही असतील तर सर्व्हर यूटीसीवर ठेवून फक्त दाखवताना भारतीय वेळ दाखवावी. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

आता वेळ आणायची कुठून ते पाहू. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियम घड्याळांवर सांभाळते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी दुवा असलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. पत्ते तीन: समय१.एनआयसी.इन, समय२.एनआयसी.इन आणि टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी. तिन्ही घाला. दोनच घातले आणि एक चुकला, तर कोण खरा ते सर्व्हरला ठरवता येत नाही. तिसरा असला की बहुमत होते.

लिनक्सवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम बसवा. त्याची क्रोनी.कॉन्फ फाइल उबुंटूत ईटीसी/क्रोनी या फोल्डरमध्ये आणि रेडहॅटच्या घराण्यात थेट ईटीसीत असते. आधीच्या 'पूल' ओळींपुढे # लावा आणि वरच्या प्रत्येक पत्त्यासाठी अशी ओळ लिहा:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट

क्रोनीची सर्व्हिस रीस्टार्ट करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि 'क्रोनीसी सोर्सेस' चालवा. ज्या ओळीपुढे तारा (*) दिसेल तो स्रोत सध्या वापरात आहे. 'रीच' या रकान्याकडे जरूर पाहा. तिथे ३७७ म्हणजे मागच्या आठही विचारण्यांना उत्तर आले. हा आकडा अष्टमान पद्धतीतला, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरणारा आहे, म्हणून विचित्र दिसतो. तिथे ० असेल तर क्रोनीला दोष देऊ नका. बहुधा राउटर किंवा फायरवॉल यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ विचारण्याची वाट, अडवत आहे, बाहेर जाणारा रस्ता मोकळा करा.

क्रोनी सुरू होताना फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर तयार फाइलमधल्या 'मेकस्टेप' ओळीमुळे तो झटक्यात निघू शकतो, म्हणून रीस्टार्टही दुकान बंद असतानाच करा. एकदा चालू झाल्यावर मात्र क्रोनी फरक एका झटक्यात काढत नाही, घड्याळ किंचित जलद किंवा मंद चालवून हळूहळू भरून काढते. हे मुद्दाम आहे. घड्याळ अचानक मागे नेले तर नंतरचे बिल आधीच्या वेळेचे होते आणि डेटाबेस गोंधळतो. झटक्यात बदल करायचाच असेल तर दुकान बंद झाल्यावर बॅकअप घ्या, बिलिंग आणि डेटाबेस थांबवा, 'सुडो क्रोनीसी मेकस्टेप' चालवा आणि मग सगळे चालू करा.

विंडोज सर्व्हरवर 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' चालवून 'सोर्स' ही ओळ वाचा. 'लोकल सीएमओएस क्लॉक' दिसले तर सर्व्हर कुणालाच वेळ विचारत नाही. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनची लॉगिने एकत्र सांभाळणारी विंडोजची व्यवस्था, असेल तर बाहेरचे पत्ते फक्त पीडीसी एम्युलेटरवर, म्हणजे डोमेनला वेळ देणाऱ्या मुख्य सर्व्हरवर घाला, बाकीची मशीन वेळ डोमेनकडूनच घेतात. तिथे फरक पाच मिनिटांपलीकडे गेला की केर्बेरॉस ही डोमेनची ओळख तपासणारी यंत्रणा लॉगिन नाकारते आणि पासवर्ड बरोबर असूनही माणूस बाहेर राहतो. सर्व्हर हायपर-व्हीवर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत चालणारा असेल तर होस्टकडून वेळ घ्यायची की नेटवर्कवरून, यातले एकच ठेवा. दोन्ही चालू असले की वेळ मागेपुढे उड्या मारते.

वेळ दिसते कशी, हेही ठरवून टाका. ०३/०४ हा अमेरिकी मांडणीत ४ मार्च आणि आपल्याकडे ३ एप्रिल. प्रादेशिक मांडणी भारताची निवडा, घड्याळ चोवीस तासांचे ठेवा आणि लॉगमध्ये वेळेसोबत +०५:३० छापले जाईल असे पाहा.

शेवटी सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचे यंत्र याच सर्व्हरला जोडा. क्रोनीच्या फाइलमध्ये 'अलाउ' लिहून पुढे आपल्या नेटवर्कचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही आत येणारा यूडीपी १२३ उघडा, पण फक्त आतल्या नेटवर्कसाठी. मग त्या यंत्रांच्या एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणे) या रकान्यात सर्व्हरचा आयपी भरा आणि झोन +५:३० निवडा. कित्येक स्वस्त डीव्हीआर कारखान्यातून चीनच्या +८:०० वर येतात. एनटीपी चालू असूनही कॅमेऱ्यावरची वेळ अडीच तास पुढे दिसत असेल, तर कारण हेच.