द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी: डावणीच्या टाकीत कोनाझोल कशाला?

छाटणी उरकली की पोंग्यापासूनच (कोंब फुटतो तेव्हापासून) फवारणीच्या टाक्या सुरू होतात, आणि पाऊस रेंगाळला की डावणी (डाउनी मिल्ड्यू) रोगाच्या धास्तीनं माणूस हाताला लागेल ते टाकीत ओततो. तर आधी हे ऐका, हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, डायफेनोकोनाझोल ही कोनाझोल गटातली औषधं भुरी-करपा या वेगळ्या रोगांची, डावणीला ती लागूच पडत नाहीत. डावणीला मॅन्कोझेब, डायमेथोमॉर्फ, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) ही वेगळी लाईन आहे. दुकानदार "सेफ्टीला असू द्या" म्हणून जे कोनाझोल टेकवतो त्यानं फक्त बिल वाढतं.

आणि प्रश्न नुसत्या बिलाचा नाहीये. दवाखान्यात फुफ्फुसातल्या बुरशीवर देतात ती इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही याच भावकीतली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस म्हणून एक बुरशी आहे, ती द्राक्षाला काही करत नाही, ती राहते कुजणाऱ्या काडीकचऱ्यात, कंपोस्टचा ढीग ५० अंशांवर तापला तरी तग धरते, पण कोनाझोलच्या फवाऱ्याचा अंश तिथं पोचत राहिला की त्याला पुरून उरणारीच बुरशी मागे राहते आणि तिचे बीजाणू कुणाच्या छातीत गेले तर गोळीलाही दाद देत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटापासून असे पेशंट सापडू लागले, त्यातल्या कित्येकांनी ती गोळी आधी कधी घेतलीच नव्हती! पुढं तिथल्या फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात तसलीच बुरशी निघाली. आपल्याकडंही २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी भारतातल्या मातीत अशी औषधाला न जुमानणारी बुरशी सापडल्याचं मांडलंय.

म्हणून भुरीला सुद्धा लागोपाठ कोनाझोल नको. मधे सल्फर घ्या (कडक उन्हात नको, पानं भाजतात), बॅसिलससारखी जैविकं (उपयोगी जिवाणूंची औषधं) घ्या. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नसतं, डब्यावरचा बारीक अक्षरातला घटक वाचा, ॲझॉक्सीस्ट्रोबिन अधिक टेब्युकोनाझोल या जोडीतही कोनाझोल आहेच की. टाकी धुतलेलं पाणी उकिरड्यावर ओतू नका.

कंपोस्टचा ढीग उलटताना आधी पाणी मारून ओला करा, धूळ उडू देऊ नका. तोंडाला गमछा बांधून भागत नाही, हे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, त्याला एन-९५ मास्कच लागतो. बुरसलेला कडबा गोठ्यात बसून झटकायचा नाही. ज्यांना टीबी होऊन गेलाय, दमा आहे किंवा ट्रान्सप्लांटच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी या कामाला हातच लावू नये, घरात दुसरं कुणी नसेल तर मजूर लावा, पण तुम्ही नको. टीबी बरा झाल्यावर छातीत जी पोकळी राहते तिथं ही बुरशी घर करते, खोकल्यातून रक्त येतं आणि सगळ्यांना वाटतं टीबीच उलटला. तसं झालं तर थुंकीच्या टीबी तपासणीबरोबर बुरशीची कल्चर (थुंकीतली बुरशी वाढवून बघायची तपासणी) पण करायची का हे डॉक्टरांना विचारा, आणि आपण द्राक्षबागेत, कंपोस्टमध्ये काम करतो हे न विचारता सांगा.