दुसरीचा वर्ग आणि दोनशे चिंचोके

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, पाठ काढणं वेगळं आणि अख्खा दिवस वर्ग सांभाळणं वेगळं. पाठाला पस्तीस मिनिटं रेटायची असतात आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाईंच्या धाकानं मुलं गप्प असतात. कोल्हापुरातल्या ज्या शाळेत मी होते, तिथल्या दुसरीच्या बाई एके दिवशी प्रशिक्षणाला गेल्या आणि वर्गात मी आणि एकतीस मुलं एवढेच उरलो.

पाऊस धो धो. निम्मी हजेरी ओले रेनकोट खिडकीला टांगण्यात गेली. दोन गैरहजर. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आता दंड नाही, आपण फोन करायचा. केला. एकाला ताप होता, दुसरा मावशीकडं गेला होता.

मग गणित. आजीनं चिंच फोडून साठवलेले दोनशे चिंचोके मी पिशवीतून नेले होते. टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या आखणीच्या वहीत, लिहिलं होतं, ‘गटात साहित्य वाटप : २ मि.’ मूठमूठ वाटायला लागले आणि वर्ग हातातून गेला. कुणी गोट्या खेळायला लागलं, एकानं चिंचोका तोंडात टाकला. पलीकडनं आरडाओरडा, “बाई, ह्यानं माजं चिंचोकं घेतलंय ओ!” करायचं काय हे मी सांगत होते, पण हातात साहित्य आलेलं मूल ऐकत नाही. तुम्ही आधी सूचना द्या, एका मुलाकडून ती वदवून घ्या, मगच साहित्य वाटा.

चिंचोके गोळा करून शेवटी पाटीवर अंक घातले. “सत्तेचाळीस.” आठ-नऊ पाट्यांवर ७४. मला वाटलं, लक्ष नाही. म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलीशेजारी जाऊन बसले. ती पुटपुटत होती, “सत्ते...” आणि ७ काढला. “...चाळीस” आणि त्यापुढं ४. म्हणजे जे कानावर पडलं तेच, त्याच क्रमानं तिनं लिहिलं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘चाळीस सात’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना त्यामागचं कारण पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्या वेळचे विनोद मीही पुढं पाठवले होते. त्या पाटीपाशी बसल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ ठरलेला, आणि वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून नोंदवहीत लिहायचं. ते काम मुख्याध्यापकांनी केलं. मी दोन मुलींना हाताशी घेऊन जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधत बसले, एका पुडीत दहा चिंचोके. वाटप सोपं व्हावं एवढाच हेतू होता.

पण पुडी म्हणजे दशकच की! जेवणानंतर पुन्हा गणितच घेतलं, ठरलेला दुसरा विषय त्या दिवशी राहिला. चार पुड्या डावीकडं, सात सुटे उजवीकडं. नियम एकच : पूर्ण शब्द ऐकेपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. आधी पुड्या मांडायच्या, मग लिहायचं. ७४ लिहिणारे तीनच उरले. एकोणपन्नासला मात्र सगळ्यांनी पाच पुड्या ओढल्या. साहजिक आहे, कानाला पन्नास ऐकू येतं आणि पुड्या लागतात चार. तिथं मी थांबले. एका दिवसात दोन गुंते सोडवायला जाऊ नका.

चित्रकला, गाणी, उरलेला वेळ कसाबसा गेला. शाळा सुटली म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. दुसरीचं मूल घरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय निघायचं नसतं. एकाचे आजोबा पावसात अडकले होते, म्हणून आम्ही दोघं पाऊण तास पायरीवर बसलो. त्यानं तेवढ्यात खिशातून सहा चिंचोके काढून परत दिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टाचणवही उघडली. दोन मिनिटांवर बोट ठेवून म्हणाल्या, “खरं किती लागली गं?”

“अकरा.”

“मग लिही की. लाल शाईनं, तिथंच शेजारी.”