फाइलच्या नावातील संकेत आणि सबटायटलची वेळ

व्हिडिओ फाइलच्या नावात शीर्षकापुढे लागलेली अक्षरे आणि आकडे ती फाइल कशी तयार झाली हे सांगतात. 'एस02ई05' म्हणजे दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग, '1080पी' म्हणजे चित्राची उंची 1080 पिक्सेल, 'एक्स264' किंवा 'एक्स265' म्हणजे व्हिडिओ दाबून फाइलचा आकार कमी करणारा एन्कोडर (त्यासाठीचा प्रोग्रॅम). सबटायटल निवडताना मात्र हे शेवटचे दोन संकेत खुशाल सोडून द्यावेत. चित्र 720पी असो वा 2160पी, संवाद त्याच क्षणी ऐकू येतो. पाहायचा तो स्रोत: 'ब्ल्यूरे' (डिस्क), 'वेब-डीएल' (ऑनलाइन सेवेवरून उतरवलेली फाइल) की 'एचडीटीव्ही' (टीव्ही प्रक्षेपण). स्रोत बदलला की सुरुवातीची बोधचिन्हे, जाहिरातींच्या जागा आणि कधीकधी दृश्येही बदलतात, म्हणून सबटायटलच्या नावातही तोच संकेत असावा.

तरीही वेळ जुळली नाही, तर एकदम दुरुस्तीला लागू नये. आधी सुरुवातीचा एक संवाद आणि शेवटाजवळचा एक संवाद तपासावा. एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलची नेहमीची मजकूर-फाइल, साध्या मजकूर-संपादकात उघडल्यावर '00:01:12,500 --> 00:01:15,000' अशा ओळी दिसतात. स्वल्पविरामापुढचे आकडे मिलिसेकंदांचे असतात. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच, समजा दोन सेकंदांचा, निघाला तर सगळ्या वेळा तेवढ्याच पुढे-मागे सरकवल्या की काम होते. विंडोज किंवा लिनक्सवरील व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी हा फरक पाहता पाहता दुरुस्त करता येतो.

फरक हळूहळू वाढत गेला, तर दोष फ्रेमच्या, म्हणजे व्हिडिओतील एकेका स्थिर चित्राच्या, वेगात आहे, आणि तिथे नुसते सरकवून काहीच साधत नाही. सेकंदाला 23.976 फ्रेमची आवृत्ती 25 फ्रेमने चालवली की तासाभराचा मजकूर सुमारे 57 मिनिटे 32 सेकंदांत संपतो, त्यामुळे मूळ आवृत्तीचे सबटायटल तासाअखेर जवळजवळ अडीच मिनिटे मागे पडते. अशा वेळी 'सबटायटल एडिट'सारख्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलावा. फरक मध्येच अचानक उडी मारत असेल, तर आवृत्तीच वेगळी आहे. ते सबटायटल ठोकून-ठाकून बसवण्यापेक्षा दुसरे शोधणे बरे.

जुळलेल्या फाइलला व्हिडिओचेच नाव द्यावे, म्हणजे बहुतेक प्लेअर ती आपोआप उचलतात. मराठी मजकूर असेल तर ती यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनातच (एन्कोडिंगमध्ये) जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.