डब्यासाठी ब्रेड कसा निवडावा आणि आत काय भरावं

पोळी-भाजीच्या घरातही आठवड्यातून एकदोनदा ब्रेडचा डबा होतोच. कणीक मळायला वेळ नसतो, नाहीतर मुलांनीच पोळीला नाक मुरडलेलं असतं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. चुकतं ते दोन ठिकाणी. दुकानात आपण रंग बघून ब्रेड उचलतो, आणि घरी आल्यावर आत काय भरायचं याचा विचारच करत नाही. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. पण सुरुवात दुकानापासून करू.

1. पाकीट उलटं करा

ब्रेड तपकिरी आहे म्हणून तो कणकेचा असतोच असं नाही. मैद्याच्या ब्रेडला कॅरॅमलचा रंग देता येतो, आणि घटकांच्या यादीत तो ‘कलर 150ए’ किंवा ‘150डी’ असा लिहिलेला सापडतो. हा रंग खायला परवानगी असलेला आहे, घाबरायचं कारण नाही. पण ज्याच्यात भरपूर कणीक आहे त्याला वरून रंग कशाला लागावा, एवढा प्रश्न जरूर विचारावा.

भारतात पाकिटावरची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणून पहिलं नाव बघा. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ म्हणजे कणीक. नुसतं ‘व्हीट’ वाचून खूश होऊ नका, मैदाही गव्हाचाच असतो. पुष्कळ पाकिटांवर कंसात टक्केही असतात. कणीक पहिली आणि मैदा यादीतच नाही, असा ब्रेड मिळाला तर उत्तम.

‘मल्टिग्रेन’ची परीक्षा आणखी सोपी आहे. यादीत मीठ कुठे आहे ते शोधा. ब्रेडमध्ये मीठ एकदोन टक्क्यांच्या आसपासच असतं. नाचणी, ओट्स, जवस हे सगळं मिठाच्या नंतर आलं असेल, तर ती धान्यं पाकिटावरच्या चित्रातच जास्त आहेत.

2. तीन आकडे वाचा

पोषणाच्या तक्त्यात ‘प्रति 100 ग्रॅम’चा रकाना पाहा. ‘प्रति सर्व्हिंग’चा नको; तिथे सर्व्हिंग म्हणजे कधी एक स्लाइस, कधी दोन, आणि तुलना फसते.

पहिला आकडा तंतूंचा, म्हणजे फायबरचा. आपल्याकडच्या नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये किमान 3 ग्रॅम तंतू असतील तर ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं, 6 ग्रॅम असतील तर ‘हाय फायबर’. सहाच्या पुढचा ब्रेड शोधावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत कणकेत 100 ग्रॅममागे सुमारे 11 ग्रॅम तंतू दिले आहेत, मैद्यात 3 ग्रॅमहून कमी. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच. गव्हाचा कोंडा काढला की काय जातं, ते एवढ्यावरून कळावं.

दुसरा आकडा साखरेचा. तो 5 ग्रॅमच्या आत असलेला बरा. बऱ्याच ‘मिल्क’ आणि ‘स्वीट’ ब्रेडांत तो सहज ओलांडलेला दिसेल.

तिसरा सोडियमचा, आणि याच्याकडे कुणी बघत नाही. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा 100 ग्रॅमला 450 मिलिग्रॅम सोडियम आहे. दोन स्लाइसचं वजन साधारण 55 ग्रॅम धरलं, तर त्यातून सहा दशांश ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ब्रेड एकटा काही बिघडवत नाही. त्यावर खारं लोणी, चीज आणि सॉस चढले की हिशेब हाताबाहेर जातो.

ब्रेडच्या पिठात पूर्वी मिसळल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनाबद्दल अजूनही विचारणा होते, म्हणून एका ओळीत: ते 2016 साली भारतात परवानगीच्या यादीतून काढलं गेलं.

3. पाकीटच नसेल तर

लादीपावाला यादी नसते आणि तो मैद्याचाच असतो. आवडतो, खावा, पण रोजच्या डब्याला नको. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात असाल तर पोई बघा. पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, कोंड्याचा वापर करून करतो ती चपटी, पोकळ पोई डब्यासाठी छान, कारण तिला खिसाच असतो आणि सारण बाहेर सांडत नाही. फक्त विचारून घ्या: कोंडा पिठात आहे की वरून नुसता भुरभुरलाय?

आणि हो, काल रात्रीची पोळी किंवा ज्वारीची मऊ भाकरी शिल्लक असेल तर बेकरीत जायचंच कशाला? खाली दिलेलं प्रत्येक सारण पोळीच्या सुरळीतही बसतं.

4. सारण: इथे खरा फरक पडतो

मुंबईचं रस्त्यावरचं व्हेज सँडविच घ्या. काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, हिरवी चटणी: एवढ्या भाज्या एका घासात दुसरा कुठला झटपट पदार्थ देत नाही. अडचण दोनच, लोण्याचा जाड थर आणि उकडलेला बटाटा. पिष्टावर पिष्ट, आणि प्रथिनं जवळपास नाहीतच. दुपारी साडेतीनला पुन्हा भूक लागते ती त्यामुळे. म्हणून नियम एवढाच ठेवा: बटाट्याच्या जागी प्रथिनं असलेलं काहीतरी, बाकी सँडविच तसंच.

काय घालाल? मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, रस पूर्ण आटवून आणि थोडी चेचून, म्हणजे स्लाइसमधून घरंगळत नाही. घट्ट झुणका, वर पातळ कापलेला कांदा. टोस्ट केलेल्या ब्रेडवर हा इतका जमतो की बटाट्याची आठवण येत नाही. दोन उकडलेली अंडी कुस्करून मिरपूड, कांदा आणि कोथिंबीर. त्यातून साधारण 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. कुस्करलेलं पनीर आणि शिमला मिरची. मांसाहारी घरात रात्रीच्या चिकनचे तुकडे रस्सा निथळून.

मेयोनीजला घरचा पर्याय आहे चक्का. दही रात्री फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगलं की सकाळी तयार. त्यात दोन चमचे दाण्याची चटणी आणि किसून पिळलेलं गाजर मिसळा. मुलं हे सारण काही न विचारता खातात, निदान आमच्याकडची. जवसाची किंवा कारळ्याची चटणीही अशीच जाते, पण कारळ्याचा काळा रंग बघून लहान मुलं बिचकतात. आधी मोठ्यांच्या डब्यात द्या.

हिरव्या चटणीत मूठभर डाळं वाटा. ती घट्ट होते, पाणी सुटत नाही आणि लोण्याचा थर पातळ केला तरी चालतो.

टाळायचं म्हणाल तर जॅम. त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, तो गोड पदार्थ म्हणूनच मोजा. केचपमध्येही साखर आणि मीठ दोन्ही. चीज रोज नको, आणि घातलं त्या दिवशी सारणात वेगळं मीठ नको.

5. भरणं आणि उन्हाळा

काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावू नका. चकत्या फडक्यावर टिपा, चटणी दोन्ही स्लाइसना लावा आणि ओलं ते मधोमध ठेवा. उसळ किंवा झुणका पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरला तर वाफेने ब्रेडचा लगदा होतो.

एप्रिल-मेमध्ये तर बेत बदलायलाच हवा. शिजवलेलं किंवा दुधाचं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून. डबा सकाळी आठला भरून एकला उघडणार असाल आणि ऑफिसात फ्रिज नसेल, तर अंडं, चक्का, पनीर, उसळ सगळं बाद. अशा वेळी कोरडी दाण्याची चटणी लावलेला ब्रेड, न चिरलेली काकडी आणि मूठभर फुटाणे न्या. काकडी तिथेच चिरा. फुटाण्यांतूनही प्रथिनं मिळतातच.

उरलेला ब्रेड फ्रिजच्या कप्प्यात ठेवला तर लवकर वातड होतो. तो फ्रीझरमध्ये टाका, स्लाइस सुट्या करून. सकाळी लागतील तेवढ्या काढून थेट तव्यावर भाजा, आधी वितळायची वाट बघायची गरज नाही.