लडलोला बाजाराच्या दिवशी कसं जायचं: एका दिवसाचा बेत

इंग्लंडला आलेले आपले पाहुणे आधी लंडन करतात, मग बाथ आणि स्टोनहेंज, आणि "एखादं गाव पण दाखव ना" म्हणाले की आपण त्यांना कॉट्सवोल्ड्सच्या बसमध्ये बसवतो. सुंदरच आहे ते, वाद नाही, पण उन्हाळ्यात तिथल्या काही गावांत गावकरी कमी आणि सेल्फी स्टिक जास्त दिसतात. मला विचाराल तर जिथे अजूनही म्हातारी माणसं पिशवी घेऊन भाजी आणायला बाहेर पडतात असं गाव बघा. माझं आवडतं गाव लडलो, श्रॉपशायरमधलं, वेल्सच्या सीमेजवळ. वस्ती दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी, आणि त्यात किल्ला, चर्च, नदी, चारशे-पाचशे वर्षांची लाकडी घरं आणि चालू बाजार असं सगळं चालत फिरता येईल इतक्यात बसवलेलं. मी चारदा गेलेय, पहिल्यांदा पार गंडले, त्यामुळे कुठे गंडायचं नाही हे मला नीट माहितीये.

लडलो हे मार्केट टाऊन, म्हणजे बाजाराचं गाव. म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जुन्या काळी बाजार भरवायचा हक्क राजाकडून मिळवावा लागायचा, ज्या गावाला तो मिळाला तिथे आजूबाजूच्या खेड्यांतून लोकर, धान्य, गुरं यायची आणि त्यावर गाव मोठं व्हायचं. आपल्या कसब्यासारखंच. पुण्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा आहेत, लडलोत पेठेला वाराचं नाव नाही पण बाजाराचे वार मात्र ठरलेले आहेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार.

१. आधी वार, मग तारीख

आम्ही पहिल्यांदा मंगळवारी गेलो. कॅसल स्क्वेअरमध्ये, म्हणजे बाजार भरतो त्या चौकात, दोन कबुतरं आणि एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, बास. तेव्हा वरचे चार वार डोक्यात ठेवूनच तिकिटं काढा. शनिवारी गर्दी आणि मजा जास्त, सोमवारी आणि बुधवारी निवांत. रविवारी कधीकधी जुन्या सामानाचा बाजार असतो, पण रविवारी गाड्या कमी आणि बरीच दुकानं बंद, त्यामुळे पहिल्या भेटीला रविवार नकोच. सप्टेंबरमध्ये फूड फेस्टिव्हल असतो, १९९५ पासून चालू आहे, खाण्याचे शौकीन असाल तर जरूर जा, पण तेव्हा राहायला जागा शोधणं म्हणजे गणपतीत कोकणात रूम शोधण्यासारखं. डिसेंबरमध्ये चारलाच अंधारून येतं हेही लक्षात असू द्या.

२. ट्रेन कशी पकडायची

लंडनहून थेट गाडी नाही. यूस्टनहून निघालात तर क्रूला बदलायची, पॅडिंग्टनहून निघालात तर न्यूपोर्टला, आणि एकूण सव्वातीन-साडेतीन तास धरा. मँचेस्टरहून थेट मिळते. श्रूजबरीहून फक्त अर्धा तास, त्यामुळे बर्मिंगहॅमवाल्यांनी श्रूजबरीला बदलावी. लंडनची सवय असलेले लोक इथे एक चूक हमखास करतात, तिकीट न काढता गेटवरच्या मशीनला फोन टेकवून निघतात. तसं इथे चालत नाही, रीतसर तिकीट लागतं. दोघं असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. गाडी घेऊन येणाऱ्यांनी ए ४९ ने यायचं आणि शक्यतो गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी लावून बसने आत यायचं, आतले रस्ते घोडागाडीच्या मापाचे आहेत.

३. स्टेशनवरून चढ

स्टेशनबाहेर येऊन कॉर्व्ह स्ट्रीटला लागलात की डावीकडे वर चढायचं, दहा मिनिटांचा रस्ता. वर पोचता पोचता फेदर्स नावाची इमारत दिसते, १६१९ ची, काळं लाकूड आणि पांढरा गिलावा, आणि त्या लाकडात इतकी नक्षी की बघणारा रस्त्यातच थांबतो. बाजूला उभं राहून बघा, मागून व्हॅन येत असते. पुढचा चौक बुल रिंग, नावावरून कळतंच की इथे गुरांचा व्यवहार चालायचा. पाट्या वाचत चला हो, फिश स्ट्रीट, पेपर लेन, मिल स्ट्रीट, आपल्या बोहरी आळी आणि तपकीर गल्लीसारखंच प्रकरण आहे. पुढे खांबांवर उभी असलेली बटरक्रॉस नावाची दगडी इमारत लागते, १७४० च्या दशकातली, हिच्या खालच्या मोकळ्या जागेत लोणी विकायला बसायचे.

४. बाजार

आधी बाजार, किल्ला नंतर. किल्ला आठ-नऊशे वर्षं तिथेच आहे, चांगलं चीज दुपारनंतर राहत नाही.

आज जिथे स्टॉल लागतात तिथे मधोमध १८८० च्या दशकातला एक बोजड टाऊन हॉल होता, तो १९८६ मध्ये पाडला आणि चौक पुन्हा मोकळा झाला. आता पट्ट्यापट्ट्यांची छपरं, भाजी, पाव, चीज, रोपं, जुनी पुस्तकं, हाताने केलेल्या टोप्या. भाव करायचा का? खाण्याच्या वस्तूंवर नाही. आईला घेऊन गेले होते तेव्हा ती चीजवाल्यासमोर उभी राहून मला मराठीत म्हणाली, "याला विचार, दोन घेतले तर काय लावणार?" मी हळूच म्हटलं, "आई, इथे नाही विचारत तसं." त्या माणसाला भाषा कळली नाही पण सूर बरोबर कळला, त्याने हसत सुरीच्या टोकावर दोन चकत्या कापून पुढे केल्या, एक नारिंगी आणि एक कडक पिवळी, आई नारिंगीवर खूश. ते श्रॉपशायर ब्लू. गंमत म्हणजे नाव श्रॉपशायरचं असलं तरी ते चीज मुळात १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये तयार झालं, म्हणजे आपल्या म्हैसूरपाकाचं बरोबर उलट. जुन्या सामानाच्या स्टॉलवर मात्र हलकं घासाघीस चालतं, हसून विचारा. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी वीस पौंड सुटे जवळ असू द्या.

५. चर्चमधली खालची बाजू बघा

बटरक्रॉसच्या मागच्या अरुंद गल्लीतून सेंट लॉरेन्स चर्च. गावाच्या मानाने हे चर्च अवाढव्य आहे, लोकरीच्या व्यापारातला पैसा इथे ओतलाय. आत जायला तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका. लोक वर काचा बघतात आणि निघून जातात, तुम्ही पुढच्या भागातल्या लाकडी बाकांपाशी जा. बाकाची फळी वर उचललेली असते आणि तिच्या खालच्या बाजूला कोरीव काम. अशा २८ फळ्या आहेत, १५व्या शतकातल्या. प्रार्थना लांबली की उभ्या माणसाला तिच्यावर टेकता यावं म्हणून केलेली सोय, आणि टेकल्यावर कोरीवकाम दिसतच नाही, म्हणून सुतारांनी मनाला येईल ते कोरलंय. त्यातली एक शोधाच: माप मारणारी दारूवाली बाई, हातात तिचा तो कमी मापाचा जग, आणि सैतान तिला खांद्यावर टाकून नरकाच्या जबड्याकडे नेतोय. बाजाराच्या गावात सगळ्यात मोठं पाप कुठलं मानायचे ते तिथे कळतं. फोटो काढताना वाकावं लागतं, गुडघे सांभाळा.

६. जेवण दोनच्या आत

ही पायरी मला महागात पडलेली. पाऊण वाजता भूक नव्हती, पावणेतीनला एका पबमध्ये गेलो तर किचन बंद, चिप्सच्या पाकिटावर दुपार काढली आणि नवऱ्याने संध्याकाळपर्यंत तोंड पाडलं. पबमध्ये बसून वेटरची वाट बघायची नाही, टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन ऑर्डर आणि पैसे द्यायचे. शाकाहारी लोकांना सूप, चीज स्कोन, बेक केलेला बटाटा आणि बीन्स एवढं तरी नक्की मिळतं. फिजेट पाय ही श्रॉपशायरची खासियत, सफरचंद आणि कांदा ऐकून फसू नका, त्यात डुकराचं मांस असतं. आम्ही हल्ली सरळ बाजारातून पाव, चीज, टोमॅटो घेतो आणि बाकावर बसून खातो, सोबत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. श्रॉपशायर ब्लूबरोबर लागत नाही, साध्या चेडरबरोबर भन्नाट लागते.

७. किल्ला

चौकातच दरवाजा आहे. तिकीट वेगळं काढावं लागतं, इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थांचं सभासद कार्ड इथे उपयोगाचं नाही, कारण किल्ला खासगी मालकीचा आहे, पोविस इस्टेटचा. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, निघायच्या आधी बघून घ्या.

आत पडझड आहे पण भिंती उंच आहेत आणि मुख्य बुरुजावर चढता येतं. गोल आकाराचं १२व्या शतकातलं छोटं चॅपल चुकवू नका. १४८३ मध्ये १२ वर्षांचा राजपुत्र एडवर्ड इथेच राहत होता, बाप गेल्याची खबर आली, राजा व्हायला लंडनला निघाला आणि तिथल्या टॉवर नावाच्या किल्ल्यात कायमचा गडप झाला. १५०२ मध्ये राजपुत्र आर्थर इथे पंधराव्या वर्षी वारला, म्हणून धाकटा भाऊ हेन्री गादीवर आला, त्याने आर्थरच्याच विधवेशी लग्न केलं आणि पुढे ते लग्न मोडण्यावरून इंग्लंड पोपपासून तुटलं. एवढं सगळं ज्यामुळे झालं त्या खोल्यांना आता छप्पर नाही, कावळे बसलेले असतात.

आणि आपल्यासाठी एक वेगळा धागा. १८११ मध्ये हा किल्ला सरकारकडून विकत घेतला तो एडवर्ड क्लाइव्हने, म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने. तोच प्लासीचा क्लाइव्ह, आणि प्लासीच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर आला होता तोच. मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असताना टिपू सुलतान पडला. मी हे त्या बुरुजावर उभी राहून बाबांना सांगितलं तर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिकिटाचे पैसे कोणाला जातात म्हणालीस?"

८. नदीचा फेरा

किल्ल्याला बाहेरून वळसा घालून उताराने डिनम पुलावर या. खाली टीम नदी, बंधाऱ्यावरून पाणी पडतंय, बदकं. पूल ओलांडून व्हिटक्लिफच्या टेकडीवर थोडं चढा आणि मागे वळून बघा, किल्ला, चर्चचा मनोरा, छपरं आणि मागे क्ली टेकड्या. व्हिटक्लिफच्या टेकडीतला दगड साधारण ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा आहे, जगभरचे भूवैज्ञानिक त्या कालखंडाला लडलोच म्हणतात, तेव्हा खिशात दगड भरू नका.

नदीकाठच्या ब्रेडवॉक नावाच्या वाटेने लडफर्ड पुलाकडे जायचं. ही वाट बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव द्यायचे म्हणे, पैसे दिले तर बिअरमध्ये उडवतील म्हणून. पावसानंतर चिखल असतो, सासूबाईंना चपलेवर नेऊ नका, मी नेलं होतं. पूल ओलांडला की समोर ब्रॉडगेट, १३व्या शतकातली वेस, गावाच्या सात वेशींपैकी ही एकच धड उरलीय आणि तिच्या डोक्यावर चक्क घर आहे. वेशीतून ब्रॉड स्ट्रीट चढून पुन्हा बटरक्रॉस. रमतगमत तास लागतो.

९. परत

दुकानं पाचला आवरतात. गाड्या साधारण तासाला एक, त्यामुळे पुढची नाही तर त्याच्या पुढची सुद्धा माहीत करून ठेवा. स्टेशनला उतार आहे, रिकाम्या हाताने दहा मिनिटं, पिशव्या आणि आई असेल तर वीस. चीज डब्यात नीट बंद करा, मागच्या वेळी श्रूजबरीपर्यंत आमच्या समोरच्या सीटवर कोणी बसलं नाही.